पगाराच्या वेळेत मूल कोणी सांभाळायचं?



2020 च्या टाळेबंदीनंतर लॅपटॉप घेऊन गावी आलेले बरेच जण इथूनच काम करू लागले. मालवण, कुडाळ, कणकवलीच्या बौद्धवाड्यांतून शिकून कंपनीत लागलेली पहिली पिढीही त्यात आहे. त्यांना, त्यातही मुलींना, एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : "पगार कंपनीचा घेता, मग त्या वेळेत पोर का सांभाळता?"

या प्रश्नाला चिडून उत्तर देऊ नका. कामाचे तास ठरलेले असणं ही कामगाराने लढून मिळवलेली गोष्ट आहे. कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारं विधेयक 1946 साली मजूर मंत्री म्हणून बाबासाहेबांनीच मांडलं. आठ तासांनंतरचा वेळ आमचा, असं म्हणायचं असेल तर त्या आठ तासांत काम चोख हवं. शिवाय दीड वर्षाचं रांगतं-धावतं मूल सांभाळणं हे स्वतःच पूर्णवेळ काम आहे. ते करता करता दुसरं पूर्णवेळ काम नीट होत नाही. मग बाई रात्री अकराला पुन्हा लॉगिन करते आणि आठ तासांचे बारा होतात. त्यामुळे माझं उत्तर स्पष्ट आहे : पगाराच्या वेळेत लहान मुलाची एकटीने जबाबदारी घेऊ नये. ताप आलेल्या पोराला औषध देणं किंवा शाळेतून आलेल्याला दार उघडणं वेगळं. ऑफिसात चहाला उठतात तेवढाच तो वेळ.

पण 'नको' म्हटल्यावर लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : मग सांभाळायचं कोणी? मॅनेजर इथे गप्प बसतो. आपण बसायचं नाही.

28 जुलै 1928 रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी याची वाटणी करून ठेवली आहे. आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं, म्हणून मोठा भार सरकारने उचलावा. पण बाईला कामावर ठेवून मालकालाही फायदा होतो, म्हणून त्याचाही वाटा हवा. हाच न्याय पाळणाघराला लावा. 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण पुण्याच्या ऑफिसातलं पाळणाघर देवबागला बसून काम करणाऱ्या बाईच्या काय कामाचं? घरून काम करून घेताना कंपनीचं जागेचं भाडं आणि वीज वाचते. त्यातून तिने गावातल्या पाळणाघराचा खर्च द्यावा. आणि सरकारने अंगणवाडीला दिवसभराचं पाळणाघर जोडावं, तिथल्या ताईंना मानधन नव्हे, वेतन द्यावं.

काही जण म्हणतील, घरात आजी आहे की! आजीने आयुष्यभर शेतात, दुसऱ्याच्या घरी राबून काढलं. तिच्या म्हातारपणावर कंपनीचा हक्क कधीपासून लागला? आणि बाप कुठे असतो? नवरा-बायको दोघं घरून काम करत असतील तर दार कोणाचं बंद असतं आणि पोर कोणाच्या मांडीवर असतं, हे प्रत्येकाने आपापल्या घरात बघावं. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला 289 मिनिटं जातात, पुरुषाचे 88. जयंतीला स्त्रीमुक्तीवर भाषण करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे आकडे आपल्या घराला लावून बघावेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरून काम ही काही लॅपटॉपवाल्यांनी आणलेली नवी गोष्ट नाही. घरी बसून विडी वळणाऱ्या बायांनी पिढ्यानपिढ्या पोर मांडीवर घेऊन काम केलं. त्यांना ठरलेले तासच नव्हते, मजुरी हजारी. पोर रडलं की मजुरी बुडली आणि जरा मोठं झालं की तेच पोर विडी वळायला बसलं. आपल्या जिल्ह्यात काजू सोलणाऱ्या बायांनाही बहुतेक ठिकाणी किलोवर पैसे मिळतात. त्यांना 'पगाराच्या वेळेत पोर का सांभाळतेस' असं कोणी विचारत नाही, कारण बुडतं ते तिचंच.

आणि लॅपटॉपवाल्या बाईचं पोर सांभाळायला वाडीतलीच एखादी वहिनी येते, तेव्हा तिचं स्वतःचं पोर कुठे असतं? आपल्यातला एक वर गेला आणि त्याचं ओझं आपल्यातल्याच दुसरीच्या डोक्यावर आलं, तर त्याला समता म्हणत नाहीत.

म्हणून मागणी फक्त नोकरदारांपुरती नको. रोजगार हमीच्या कामावर पाच लहान मुलं असली तरी त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमावं, अशी तरतूद कायद्यात करण्यात आली. मातीकामाला जे तत्त्व लागू, ते काजूच्या कारखान्याला, मासळी बाजाराला आणि लॅपटॉपला का नाही? पुढच्या ग्रामसभेत पाळणाघराचा ठराव मांडा. मांडायला बाया पुढे असू द्या, आणि त्या दिवशी पोरं बापांनी सांभाळा.

जय भीम!