वाटेतला वाटा

मराठीत ‘वाट’ आणि ‘वाटा’ यांत अंतर एका कान्याचे. वर्गात वर्षानुवर्षे शिकवूनही त्या कान्याचे महत्त्व मला कळले नव्हते. ते गेल्या वर्षी एका मोटारीच्या दाराने शिकवले.

सायकलीवर बसल्यापासून वडिलांची एकच आज्ञा मी पाळत आलो : “कडेकडेने जा!” त्या दिवशीही उभ्या मोटारींना जवळजवळ घासून चाललो होतो. आतल्या गृहस्थांनी मागे न पाहता दार उघडले आणि मी रस्त्यावर! मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये. सौभाग्यवतींचा निकाल झाला : “तुमची सायकल बंद, आणि पोरीचीही!” आठवीतली कन्या रडवेली झाली.

सक्तीच्या विश्रांतीत वाचनात आले, की या दाराचा विचार अमेरिकेत कधीच झाला आहे. वेगळी सायकलवाट आखायला रस्त्यात जागा नाही, पैसाही नाही, अशा ठिकाणी काय करावे? डेन्व्हर शहरात जेम्स मॅके यांनी १९९३ साली रस्त्यावर बाण आणि त्यात सायकलस्वार असे चिन्ह रंगवले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे रूप बदलले. खाली सायकल, वर दोन कोन. २००४ साली तिथे त्याची पाहणी झाली आणि २००९ साली ते देशाच्या वाहतूक-नियमावलीत आले. नाव ‘शॅरो’, म्हणजे वाट्याचा बाण!

त्यातली मोजणी मला फार आवडली. २००९ च्या नियमावलीनुसार कडेला मोटारी उभ्या राहात असतील, तर चिन्हाचा मध्य पदपथाच्या कडेपासून निदान ११ फूट हवा होता. म्हणजे सायकलस्वार उघडत्या दाराच्या टप्प्याबाहेर राहतो आणि मागच्या मोटारवाल्यालाही कळते, की हा वाट चुकलेला नाही; त्याचा वाटा इथेच आहे.

पण नुसत्या रंगाने माणूस वाचत नाही. डेन्व्हरच्याच दोन अभ्यासकांनी शिकागोचा हिशेब २०१६ साली मांडला. नुसती ही चिन्हे काढलेल्या भागांत सायकलस्वारांच्या दुखापती घटल्या खऱ्या, पण काहीच न केलेल्या भागांपेक्षाही कमी! स्वतंत्र पट्टे आखलेले भाग मात्र पुढे होते. स्वस्तातला वाटा शेवटी स्वस्तच.

असो. आमच्या गल्लीत ना पट्टा, ना बाण. म्हणून घरात दोन नियम केले. सायकलीवर असताना उभ्या मोटारीपासून एका दाराचे अंतर ठेवायचे. आणि मोटारीत बसलो, तर दार पलीकडच्या हाताने उघडायचे. चालकाने डाव्या हाताने, डावीकडे बसणाराने उजव्या. अंग आपोआप वळते आणि नजर मागे जाते. हॉलंडातली ही जुनी सवय, खर्च शून्य.

पाडव्याला कन्येची सायकल पुन्हा बाहेर निघाली. सौभाग्यवती वळणापर्यंत गॅलरीत उभ्या होत्या. “मधे मधे का जाते ही?” त्यांनी विचारले.

“मधे नाही,” मी म्हटले, “आपल्या वाट्याने जाते आहे.”