राणीचे निदान आणि वकिलांची पत्रे

चरित्रात्मक साहित्यावरील एका चर्चासत्रात इंग्लंडची पहिली एलिझाबेथ आणि रॉबर्ट डडली यांच्या कथित प्रेमप्रकरणाचा व्यक्तिमत्त्व-मानसशास्त्राच्या अंगाने उलगडा करणारा एक निबंध नुकताच ऐकण्यात आला. निबंधकाराचे प्रमेय सुटसुटीत होते. एलिझाबेथ तीन वर्षांचीही नव्हती तेव्हा, १५३६ मध्ये, तिच्या बापाने तिच्या आईचा शिरच्छेद करविला. ती आठ वर्षांची असताना, १५४२ मध्ये, सावत्र आई कॅथरीन हॉवर्डची तीच गत झाली. चौदाव्या वर्षी टॉमस सीमोर या दुसऱ्या सावत्र आईच्या नवऱ्याने तिच्यावर हात टाकला. सबब ‘विवाह म्हणजे मृत्यू’ हे समीकरण तिच्या नेणिवेत कोरले गेले, आणि म्हणूनच डडलीसारखा विवाहित, अर्थात अप्राप्य पुरुष तिला ‘सुरक्षित’ वाटला. टाळ्या पडल्या. मलाही क्षणभर पटले. इतक्या झटपट पटणाऱ्या गोष्टीची झडती घेणे हे समीक्षेचे काम असल्यामुळे हे टिपण.

प्रथम तर्काचे पाहू. ८ सप्टेंबर १५६० रोजी कम्नर येथील घरात जिन्याच्या पायथ्याशी डडलीची पत्नी एमी मृतावस्थेत सापडली आणि तो मोकळा झाला. तरीही राणीने त्याच्याशी विवाह केला नाही. यावर निबंधकारांचे उत्तर तयार होते: तो आता प्राप्य झाला, म्हणजे ‘असुरक्षित’ झाला, म्हणून ती मागे सरली. आणि समजा तिने विवाह केलाच असता, तर? मग ‘पित्याच्या छायेचा शोध’ हाताशी होताच. कोणत्याही घटनेने जे खोटे ठरू शकत नाही, ते कोणत्याच घटनेचा उलगडा करीत नसते. वस्तुतः कम्नरच्या पंचांनी तो मृत्यू अपघाती ठरविला होता; त्यांचा मूळ अहवाल २००८ मध्ये उजेडात आला, त्यात डोक्यावरील दोन जखमांची नोंद आहे आणि संशयाचे संपूर्ण निरसन त्यानेही होत नाही. अशा स्थितीत डडलीशी लग्न लावणे म्हणजे यूरोपभरच्या कुजबुजीवर राणीने स्वतः शिक्कामोर्तब करणे होते. सात वर्षांनी स्कॉटलंडच्या मेरीने तेच केले. फेब्रुवारी १५६७ मध्ये तिचा पती डार्नली याचा खून झाला, मे महिन्यात तिने त्या खुनातील संशयित बॉथवेलशी विवाह केला आणि जुलैत तिला सिंहासन सोडावे लागले. एवढे कळायला नेणिवेच्या तळघरात उतरण्याची गरज नाही.

परंतु तर्कदोषापेक्षा गंभीर आहे तो वाचनाचा दोष. या प्रेमप्रकरणाची म्हणून जी साधने आहेत, ती बहुतांशी परकीय वकिलांची पत्रे आहेत. स्पेनचा वकील काउंट दे फेरिया एप्रिल १५५९ मध्ये कळवितो की, राणी रात्रंदिवस डडलीच्या दालनात जाते असे बोलले जाते. त्याच्या पत्नीच्या छातीला विकार असून राणी तिच्या मरणाचीच वाट पाहत आहे असेही लोक म्हणतात. ‘बोलले जाते’, ‘लोक म्हणतात’ ही क्रियापदे त्या पत्रातलीच आहेत. निबंधात ती गळली. शिवाय हे पत्र कोणाला? दुसऱ्या फिलिपला. त्याच वर्षाच्या आरंभी याच वकिलामार्फत त्याने राणीला मागणी घातली होती आणि ती फेटाळली गेली होती. धन्याला काय वाचायला आवडेल याचा अदमास घेऊन वकील लिहितो, हे पेशवे दप्तरात चार दिवस काढलेल्या कोणालाही सांगावे लागू नये. अफवा हा एक वाङ्मयप्रकारच आहे. त्याला निवेदक असतो, अभिप्रेत वाचक असतो, संकेत असतात. निबंधकाराने तो रुग्णाचा इतिहास म्हणून वाचला.

‘आठव्या वर्षाचा आघात’ ज्यावर उभा आहे तो आधारही पाहण्याजोगा आहे. ती आठ वर्षांची होण्याआधीपासून आपण तिला ओळखतो आणि आपण अविवाहित राहणार असे ती तेव्हापासून म्हणत आली आहे, असे डडलीने १५६६ मध्ये एका फ्रेंच वकिलाला सांगितले. म्हणजे बालिकेचे उद्गार, चोवीस वर्षांनी, एका दरबाऱ्याच्या तोंडून, एका मुत्सद्द्याच्या लेखणीतून! आणि त्याच भाषणात डडली पुढे म्हणतो की, तिचा विचार बदललाच तर ती माझ्याखेरीज कोणाची निवड करणार नाही. पहिले वाक्य हा मनोविश्लेषणाचा पुरावा आणि दुसरे, ज्यात वक्त्याचा स्वार्थ उघडा पडतो, ते अनुल्लेखित. असले वाचन एम.ए.च्या उत्तरपत्रिकेत आढळले तर आपण गुण कापतो.

सीमोर प्रकरणाविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे. तो अत्याचार खरा होता आणि त्याला त्या नावाने संबोधण्यास मी कचरत नाही. त्याचा तिच्या मनावर परिणाम झाला नसेल असे म्हणण्याचा आचरटपणा कोण करील? पण जानेवारी १५४९ मध्ये, सीमोर कैदेत असताना, ही पंधरा वर्षांची मुलगी राजप्रतिनिधी सॉमरसेटला जे पत्र लिहिते ते निबंधात कुठेच नव्हते. आपण टॉवरमध्ये कैद आहोत आणि सीमोरपासून गरोदर आहोत अशा वावड्या उठल्या आहेत. त्या निंद्य आहेत. आपल्याला दरबारात येऊन सर्वांसमक्ष उभे राहू द्यावे, असे ती मागते. अफवा ही राजकीय कृती आहे आणि तिला जाहीरपणेच उत्तर द्यावे लागते, हे तिला आमच्या निबंधकारापेक्षा अधिक चांगले कळले होते. जिने आपल्याविषयीच्या प्रवादाचे इतके सजग वाचन केले, तिला केवळ प्रवादाचे लक्षण करून टाकणे हा अन्याय आहे.

या पद्धतीचा साहित्यातील पूर्वज म्हणजे लिटन स्ट्रेचीचा १९२८ मधील ‘एलिझाबेथ अँड एसेक्स’. तो ग्रंथ वाचून खुद्द फ्रॉइडने लेखकाला पत्र लिहिले. त्यात कौतुक आहेच. पण गतकाळातील माणसे आपल्याला अशा स्वप्नांसारखी भेटतात की ज्यांच्याशी निगडित साहचर्ये आपल्याला उपलब्ध नसतात, असा इशाराही आहे. स्वप्न सांगणारा समोर नसेल तर विश्लेषक अडतो, हे गुरूला ठाऊक होते. आमचे शिष्य अडत नाहीत.

आणि हे निदान नेहमी राणीचेच का व्हावे? आठव्या हेन्रीने सहा लग्ने केली, दोन बायकांचे शिरच्छेद करविले. त्याची चर्चा वारस, रोम आणि राज्यव्यवस्था या परिभाषेत होते. मुलीने एकही लग्न केले नाही. तिची चर्चा गंड आणि भयगंडाच्या परिभाषेत. पुरुषाला धोरण, स्त्रीला स्वभाव! आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ झाल्याची दंतकथा आनंदीबाईच्या ‘महत्त्वाकांक्षी वृत्ती’वर किती सहज विसावली आहे, ते आठवावे. राघोबादादांच्या वृत्तीचा शोध घ्यावासा मात्र फार थोड्यांना वाटला.

तिच्या भावजीवनाविषयी बोलूच नये, असे माझे म्हणणे नाही. २९ ऑगस्ट १५८८ रोजी डडलीने वाटेवरच्या मुक्कामातून राणीला एक पत्र लिहिले; सहाच दिवसांनी तो वारला. पत्रात प्रेमाचा म्हणावा असा शब्द नाही. प्रकृती कशी आहे ही विचारपूस आहे, आणि तिने दिलेल्या औषधाचा इतर कशाहीपेक्षा अधिक गुण येतो आहे असे सांगणे आहे. त्या कागदावर, हे त्याचे शेवटचे पत्र, एवढीच नोंद राणीने स्वहस्ते केली आणि कागद जपून ठेवला. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात तो आजही आहे. निबंधकाराच्या साधनांत त्याचा समावेश नव्हता.