आई रडते, फावतं कुणाचं?

मराठी मालिकांतल्या आईचा पत्ता गेल्या काही वर्षांत बदलला. पूर्वी ती मुंबई-ठाण्याच्या स्टुडिओतल्या दिवाणखान्यात रडायची. आता ती सातारा जिल्ह्यातल्या खऱ्याखुऱ्या अंगणात, शेणानं सारवलेल्या ओट्यावर बसून रडते. २०१७ मध्ये सुरू झालेली ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याच्या मातीत चित्रित झाली, गाजली, आणि तिच्या पाठोपाठ ‘देवमाणूस’, ‘मुलगी झाली हो’, ‘आई माझी काळुबाई’ आल्या. वाड्यांना भाडं मिळालं, हौशी नटांना काम मिळालं, साताऱ्याची रांगडी बोली घराघरांत पोचली. हे सगळं चांगलंच झालं. आई मात्र होती तशीच राहिली.

ती आपल्या वाटणीची भाकरी मुलाच्या ताटात सरकवते. मंगळसूत्र गहाण टाकते. दुसऱ्याच्या चुकीचा आळ स्वतःवर घेते आणि पदर तोंडाला लावून माजघरात जाते. कॅमेरा तिच्या डोळ्यांवर रेंगाळतो. मंगळसूत्राचे पैसे ज्यानं उडवले, त्याच्याकडे तो क्वचितच वळतो. त्याग झाला हे कळतं. त्या त्यागावर कोण पोसलं गेलं, हे एपिसोड संपला तरी कळत नाही. या मालिकांवरचा खरा आक्षेप हा आहे.

रडण्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. विजय कोंडके यांच्या ‘माहेरची साडी’ला १९९१ मध्ये खेड्यापाड्यांतून बायकांची रीघ लागली, तेव्हा शहाण्यासुरत्या लोकांनी नाकं मुरडली. पण ज्या घरात बाईला मोकळेपणानं रडायलाही कोपरा मिळत नव्हता, तिथल्या बाईला थिएटरच्या अंधारात तो मिळाला. तिची टिंगल करणं हा निव्वळ उर्मटपणा होता.

अश्रूंचं काय करायचं, हे साताऱ्याशेजारच्या सांगलीला फार आधीपासून माहीत आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केलं ते तिथंच. आणि ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल सांगलीलगतच्या हरिपूरचे. १८९९ मध्ये रंगमंचावर आलेल्या या नाटकात कांचनभट पैशाच्या लोभानं आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो आणि तिची आई, इंदिराकाकू, तळमळत राहते. देवलांनी आईचं दुःख दाखवलं, तसंच सौदा कोण करतं आहे आणि दलाली कोण खातं आहे, हेही दाखवलं. प्रेक्षकाला डोळे पुसता पुसता राग कुणाचा करायचा ते समजत होतं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नाटकाला जे जमलं, ते आजच्या रोजच्या मालिकेला जमू नये, याचं वाईट वाटतं.

आजच्या सांगली जिल्ह्यातच १९४३ मध्ये रडण्याचं हत्यारही झालं. क्रांतिसिंह नाना पाटील यांची लेक हौसाताई तेव्हा सतरा वर्षांची होती. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक सहकारी तिचा नवरा बनला. त्यानं तिला भर रस्त्यात मारझोड केली, डोक्यात घालायला दगड उचलला. ती किंचाळत राहिली. भांडण सोडवायला पोलीस बाहेर धावले आणि तेवढ्यात ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या तुफान सेनेच्या साथीदारांनी ठाण्यातली शस्त्रं उचलली. नवऱ्याचा मार खाणारी बाई हे दृश्य इतकं रोजचं होतं, की पोलिसांना त्यात कसलाच संशय आला नाही. हौसाताई २०२१ मध्ये, पंच्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी तर आईपणावरचा मुलामाच काढून टाकला. ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन त्यांनी वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून लिहिलं. त्यात महारवाड्यातली उपाशी बाळंतीण आहे, पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात अडकवलेला खोडा आहे. हे हाल ज्या जातिव्यवस्थेनं केले तिचं नाव त्यात आहे, आणि ज्या नवऱ्यांनी, सासवांनी केले त्यांचंही आहे. आईच्या थोरवीचं एक वाक्य लिहिण्यापेक्षा हे कितीतरी अवघड.

लोकांना हेच आवडतं, असं वाहिन्या म्हणतात. ते पूर्ण खरं नाही. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ एवढी चालली. पंचवीस वर्षं घरासाठी राबलेली अरुंधती नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण कळल्यावर घटस्फोट घेते, गाण्याकडे वळते, पुढे दुसरं लग्न करते. मालिका पुढे पुढे रेंगाळली, संकटांची माळ लावत बसली. पण अरुंधतीनं घरच्यांना जाब विचारला, तेव्हा मराठी घरं तिच्या बाजूनं उभी राहिली. प्रेक्षक तयार होता. लेखणीच दबकत होती.

साताऱ्यात येणाऱ्या लेखकांनी एकदा माण तालुक्यातल्या म्हसवडला जावं. तिथं रस्त्यावर राहून वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका आईला पावसाळ्याआधी डोक्यावर प्लॅस्टिकचं छप्पर घालायला पैसे साठवायचे होते. बँक तिचं खातं उघडेना. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं, तर रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण सभासद निरक्षर, कागदावर नुसते अंगठे. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, तुमच्या माणसांच्या आधी तोंडी काढून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. या गोष्टीत पाऊस आहे, लेकरं आहेत, अपमान आहे, रडूही आहे. शिवाय त्या आईच्या पैशाला कुणी नकार दिला, तेही स्पष्ट दिसतं. ती चित्रित करायला निर्मात्यांना जिल्हासुद्धा ओलांडावा लागणार नाही.