जीव मुखातून नव्हे, रसायनातून!

जीवाचा उगम ज्यांनी पुरुषसूक्तात शोधला, त्यांनी आमच्या वाट्याला पाय दिले. विज्ञानाचे उत्तर वेगळे आहे. हॅरॉल्ड युरी यांचा विद्यार्थी स्टॅन्ले मिलर याने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफ काचपात्रात भरून विजेच्या ठिणग्या सोडल्या. आठवडाभरात अमिनो आम्ले तयार झाली. 1953 साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

अमिनो आम्ल म्हणजे जीव नव्हे. पहिली पेशी कशी घडली, हे कोडे अद्याप सुटलेले नाही. परंतु न सुटलेल्या कोड्यात देव बसवणे म्हणजे उत्तर नव्हे. कारणाशिवाय कार्य नाही, ही तथागतांची शिकवण बाबासाहेबांनी आमच्या हाती दिली आहे.

2023 साली एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती वगळली. सोबत जीवाच्या उगमाचा भागही गेला. बारावीच्या जीवशास्त्रात तो होताच, असे समर्थन झाले. पण तिथवर आमची किती मुले पोहोचतात? ज्याला उगम ठाऊक नाही, त्याला मुखातून जन्मलेल्यांची थोरवी सहज पटवता येते. म्हणून आम्ही सांगतो, पुस्तकाने गाळलेला धडा विहाराविहारांत शिकवा!