कॉट बेसिसवर वसतिगृह मिळत नाही

‘मुलांना वसतिगृह कशाला हवं? हातात पैसे द्या, राहतील कुठेही.’ हा युक्तिवाद हल्ली सरकारी बैठकांतही ऐकू येतो आणि संस्थाचालकांच्या गप्पांतही. ऐकायला तो मोठा व्यवहारी वाटतो. वसतिगृह चालवायचे म्हणजे जागा हवी, रेक्टर हवा, रखवालदार हवा. मेसचा ठेकेदार पळाला की बोंब, पाण्याची मोटर जळाली की बोंब, आणि कुणाला जुलाब झाले तर दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. त्यापेक्षा रक्कम थेट खात्यात टाकली की संस्थाही सुटली, विद्यार्थीही सुटला.

आपल्याकडे तशी सोयही आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना सुरू झाली. मोठ्या शहरांसाठी तिची रक्कम ठरली वर्षाला ६० हजार रुपये, म्हणजे महिन्याला ५ हजार. पुण्या-मुंबईत राहणे आणि जेवणे दोन्ही त्यात बसवायचे! तरीही ज्याला जागाच मिळाली नाही त्याला हे पैसे मिळालेच पाहिजेत. त्याबद्दल माझे भांडण नाही. भांडण आहे ते वसतिगृह म्हणजे झोपायची जागा अधिक दोन वेळचे जेवण, या हिशेबाशी. हा हिशेब मान्य केला की दोन्हींची किंमत काढता येते, आणि नाइलाज म्हणून आलेली सोय मूळ गोष्टीलाच उठवून तिच्या जागी बसते. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने शहरांतल्या आपल्या वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात जमा करायचे ठरवले. त्याच वर्षी जुलैत विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. पैसे मिळावेत म्हणून निघालेले मोर्चे आपण खूप पाहिले. ‘पैसे नकोत, मेस ठेवा’ म्हणून पावसात चालणारी मुले पाहून तरी कुणी दचकायला हवे होते.

त्या मुलांना काय उमगले होते, ते पुण्यात सदाशिव पेठेत किंवा नव्या पेठेत एक चक्कर मारली की समजते. ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’ अशा पाट्या तिथे जागोजागी दिसतात. खोलीत चार कॉट, एक पंखा, कपडे टांगायला भिंतीत खिळे. मालकाला डिपॉझिट, एजंटला त्याची दलाली. शेजारच्या कॉटवरचा मुलगा मे महिन्यात एक, ऑगस्टमध्ये दुसराच. यावर कुणी विचारील, इथेही चार अनोळखी मुले एका खोलीत राहतातच की, मग वसतिगृहाचे वेगळे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. पण इथे प्रत्येकाचा व्यवहार एकट्या मालकाशी असतो, एकमेकांशी कुणाचेच काही देणेघेणे नसते. डब्यातली डाळ पातळ झाली तर डबा बदलायचा, संपले. वसतिगृहात डाळ पातळ झाली तर ती दोनशे जणांची पातळ होते, आणि घट्ट करून घ्यायची तर दोनशे जणांना आपसात बोलावे लागते, भांडावे लागते, कुणाला तरी पुढे करावे लागते.

मुलांनी स्वतः चालवलेली मेस ज्याने पाहिली नाही त्याला हे कळणार नाही. महिन्याचा सेक्रेटरी निवडायचा. त्याने भुसारपेठेत जाऊन तांदूळ-तेल आणायचे, भाजीवाल्याशी घासाघीस करायची. महिनाअखेरीला एकूण खर्च भागिले हजेऱ्या, की ताटाचा दर निघाला. कुणी गावी गेला तर त्याचा खाडा धरायचा. खाडा सांगून गुपचूप जेवणारे महाभाग असतात, त्यांना पकडायचे. पाहुण्यांची नोंद वेगळी. रविवारच्या फीस्टला काय करायचे यावर जी सभा भरते तिच्यापुढे जिल्हा परिषदेची सभा सौम्य वाटावी. बागायतदाराच्या मुलाला पनीरही हवे असते आणि वर गुलाबजामही. ज्याची शिष्यवृत्ती अजून जमा झालेली नाही त्याला दर दोन रुपयांनी कमी हवा असतो. दोघे एकाच टेबलावर समोरासमोर बसलेले असतात.

आमच्या मेसमध्ये एकदा बिल थकलेल्या मुलांची ताटे बंद करावीत असा ठराव आला. नियमाला धरूनच होता. तासभर वाद झाला. शेवटी ज्याने ठराव मांडला त्यानेच महिनाभराची मुदत सुचवली, कारण थकबाकीच्या यादीतला एक जण त्याच्याच खोलीत राहत होता. तो रात्री दिवा मालवून उपाशी पडलेला पाहणे त्याला जमले नसते. मैत्री म्हणून काही बोलले गेले नाही. ते दोघे पुढेही एकमेकांचे फार लाडके वगैरे झाले नाहीत. पण एका माणसाची अडचण दुसऱ्याच्या मतदानात उतरली, आणि हे खात्यात जमा होणाऱ्या रकमेने घडवता येत नाही.

वसतिगृह ही नुसती निवाऱ्याची सोय असती तर ती उभी करायला कुणी एवढे रक्त आटवले नसते. जुन्या काळी शहरात शिकायला आलेल्या गरीब ब्राह्मण मुलाला वार लावून जेवता येई, माधुकरी मागता येई. मानहानी होई, पण पोट भरे. शेतकऱ्याच्या किंवा अस्पृश्य मानलेल्या घरातल्या मुलाला ते दारच नव्हते. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात आधी, १८९६ मध्ये, सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. काही वर्षांतच तिथे बहुतेक ब्राह्मण विद्यार्थीच दिसू लागले. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच सुमारास जैनांचे, पुढे मुसलमानांचे, लिंगायतांचे, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग.

इथे विरोधक आपला सगळ्यात धारदार मुद्दा काढतात: ‘म्हणजे वसतिगृहांनी जातच पक्की केली ना? एकत्र राहण्याच्या कसल्या गप्पा मारता!’ हा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मात्र कोल्हापूरचा क्रम नीट पाहावा. महाराजांनी सुरुवात मिश्र वसतिगृहानेच केली होती. दार उघडे ठेवले की सगळे आपोआप आत येतात, ही समजूत तिथे फोल ठरली. जे आधीपासून पुढे होते त्यांनीच जागा भरल्या. जातवार बोर्डिंगे ही मागे राहिलेल्यांना शाळेच्या उंबऱ्यापर्यंत तरी आणण्याची खटपट होती. पुढचे पाऊल त्याच शहरात शिकलेल्या एका मुलाने टाकले. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते जाऊन आले आणि परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला बिऱ्हाड हलवले आणि तिथे सगळ्या जातींची मुले एका चुलीवरचे जेवू लागली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. पोरांच्या धान्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकले, ते याच वसतिगृहापायी. १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले, तेही पुणे कराराची आठवण म्हणून.

एकोपा हवेतून येत नाही, हे भाऊरावांना ठाऊक होते. मुले एकत्र दळत, एकत्र स्वयंपाक करत, शेतात एकत्र राबत, पंगत एकच. ती रचना होती, मुद्दाम केलेली. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले तेव्हा मराठवाड्याच्या खेड्यांतून घरातली पहिलीच शिकणारी मुले त्याच्या वसतिगृहांत आली. त्या परिसरातून दलित साहित्याचे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक उभे राहिले, ते काही नुसत्या वर्गातल्या तासांच्या बळावर नाही.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. ‘सर, आमच्या मुलाला सिंगल रूम मिळेल का? त्याला घरी स्वतंत्र खोलीची सवय आहे.’ प्रवेशाच्या दिवसांत कुठल्याही रेक्टरच्या टेबलाशी दहा मिनिटे बसा, हे वाक्य ऐकू येईलच. परवडणाऱ्यांसाठी बाजारही सज्ज आहे: वातानुकूलित खोली, वायफाय, जिम, आणि मुलांची एकमेकांशी ओळख व्हावी म्हणून खास नेमलेला पगारी माणूस! आधी मध्ये भिंत घालायची आणि मग भिंतीपलीकडे कोण राहते ते सांगायला नोकर ठेवायचा. याला प्रगती म्हणणाऱ्यांशी काय बोलावे?

‘हॉस्टेलवर पोरं बिघडतात’ हे पालकांचे पालुपद जुनेच आहे. काही बिघडतात, खोटे कशाला बोला. तंबाखू लागते, रात्र रात्र पत्ते चालतात, विषय मागे राहतात. पण बिघाड कुणाच्या तरी लवकर लक्षात येणे महत्त्वाचे. बापाला तो निकालाच्या दिवशी समजतो, रूममेटला आठवड्यात. दोन दिवस एखादा जेवायला आला नाही तर वसतिगृहात ‘याचा खाडा आहे का?’ असे विचारणारा कुणीतरी असतो. कॉट बेसिसच्या खोलीत किंवा त्या वातानुकूलित खोलीत दार बंद असले तर ते बंदच राहते.

आमच्या बाजूने बोलणाऱ्यांतही असे काही आहेत की त्यांच्यापासून वसतिगृहाला वाचवले पाहिजे. ‘छिछोरे’ सिनेमा पाहून डोळे पुसणारे, बॅचच्या मेळाव्याला एकसारखे टीशर्ट घालणारे, ‘ते दिवस पुन्हा येणे नाही’ म्हणणारे. त्यांच्या आठवणी खोट्या आहेत असे मी म्हणत नाही. पण पंचवीस वर्षांनी त्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये कोण नाही, हे त्यांनी एकदा पाहावे. पहिल्या वर्षीच वसतिगृह सोडून गेलेला, ज्याच्या बोलीची रोज नक्कल व्हायची, ज्याला ‘गंमत’ म्हणून मध्यरात्री गच्चीत उभे केले, तो त्यात सहसा नसतो. ‘रॅगिंगनेच खरी दोस्ती होते’ हे वाक्य रॅगिंग करणारेच म्हणतात. महाराष्ट्राने १९९९ मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तरीही २०१९ मध्ये मुंबईत वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका आदिवासी तरुणीने वसतिगृहाच्या खोलीत जीव दिला आणि ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला. एका छताखाली माणसे ठेवली की माया आपोआप उपजते, हे ‘पैसे द्या, राहतील कुठेही’ इतकेच भोंगळ आहे.

मुलींच्या वसतिगृहाबद्दल बोलताना तर दोन्ही बाजू सारख्याच चुकतात. सगळा विचार फाटकाच्या वेळेवर येऊन थांबतो. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तिथे पहिल्यांदा आलेल्या विधवा विद्यार्थिनीने, गोदूबाईने, पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. आनंदीबाई कर्वे त्या याच. सदनात ती कुणाची सून नव्हती, कुणाची विधवा म्हणून कोपऱ्यात बसलेली नव्हती. आजही अनेक मुलींना मुलगी, बहीण, होणारी सून यांपलीकडचे पहिले नाते रूममेटशीच जडते. प्रयोगशाळेतून यायला उशीर झाला म्हणून जिला फाटकाबाहेर उभे राहावे लागते, ती पुढच्या वर्षी मुकाट्याने कॉट बेसिसवर जाते. मग ‘मुलींकडून मागणीच नाही’ असा शेरा मारायला आपण मोकळे.

तेव्हा करायचे काय? रोख रकमेला वसतिगृहाचा पर्याय म्हणू नये, जागा वाढवाव्यात. मेस बंद करू नये, आणि शक्य तिथे ती मुलांच्या समितीच्या हाती द्यावी, हिशेबासकट. पवईच्या आयआयटीत २०२३ मध्ये शाकाहाऱ्यांसाठी टेबले राखण्यावरून तंटा झाला आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला १० हजार रुपये दंड झाला. भांडी वेगळी ठेवा, वाढप वेगळे ठेवा, कुणाच्या श्रद्धेला हात लावू नका. पण बसायची जागा वेगळी झाली की पंगत मोडली. आणि पहिल्या वर्षाच्या खोल्या चिठ्ठ्या टाकूनच द्याव्यात. प्रवेशाची यादी लागते न लागते तोच एका जिल्ह्याची, एका क्लासची, एका आडनावाची पोरे आपापली खोली ठरवून रेक्टरकडे येतात आणि रेक्टरही कटकट नको म्हणून सही करतो. ती सही त्याने करू नये.

पालकांनाही एक विनंती. येत्या जूनमध्ये मुलाला किंवा मुलीला सोडायला जाल तेव्हा गादी, बादली, कुलूप बरोबर न्या, ताप आल्यावर कुणाला फोन करायचा ते विचारून घ्या. ‘आमच्या गावाकडचाच रूममेट द्या’ एवढे मात्र रेक्टरला सांगू नका.