नमुना नागपूरला धाडावा

सिकलसेल आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक व्याधींमुळे पूर्व विदर्भातील ज्या बालकांचे आयुष्य परक्या रक्ताच्या पिशवीवर चालते, त्यांच्यासाठी त्या पिशवीची एचआयव्ही-तपासणी कोणत्या पद्धतीने झाली, हा प्रश्न थेट जीविताचा आहे. रक्त घेतल्यानंतर नागपुरातील चार थॅलेसेमियाग्रस्त बालकांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे व त्यांपैकी एक दगावल्याचे वृत्त मे 2022 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्य शासनाला नोटीस बजावली. आणि भंडाऱ्याचा अत्यवस्थ रुग्ण 60 किलोमीटर अंतर तोडून ज्या शहराकडे धाव घेतो, ते शहर नागपूरच आहे.

एचआयव्ही-तपासणीचे रॅपिड कार्ड अर्ध्या तासात उत्तर देते, त्याला यंत्र लागत नाही, म्हणून अपरात्री रक्तस्राव होत असलेल्या बाळंतिणीसाठी ते उपयोगी आहे. परंतु रेघ उमटली की नाही याचा निवाडा तिथे केवळ डोळ्यांवर असतो. दुसरी पद्धत एलायझाची; तिच्या तबकात 96 खळगे असतात. प्रत्येकात एकेका रक्तदात्याचा रक्तद्रव सोडून, ठरावीक वेळ उबवून, पुनःपुन्हा धुऊन शेवटचे द्रावण घातले की प्रतिपिंडे असलेला खळगा रंग धरतो, आणि त्या रंगाची गडदता यंत्र आकड्यात मोजून कागदावर दाखल करते. धुण्यात हयगय झाली तर हा आकडाही फसवतो, हे खरे. तथापि नित्याच्या कामासाठी जिल्ह्याच्या रक्तपेढीने कार्डावर विसंबणे मला क्षम्य वाटत नाही.

या दोन्ही पद्धती मुख्यतः प्रतिपिंडे शोधतात, आणि ती तयार व्हायला शरीराला सुमारे तीन आठवडे लागतात. विषाणूचे पी-24 प्रथिनही टिपणारी चौथ्या पिढीची एलायझा ही मुदत काही दिवसांनी घटवते. विषाणूचे जनुकद्रव्यच शोधणारी नॅट चाचणी ती सुमारे अकरा दिवसांवर आणते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील एका बहुकेंद्री पाहणीत 12,224 नमुन्यांपैकी 8 नमुन्यांत केवळ नॅटलाच संसर्ग सापडला. त्यांतील दोन एचआयव्हीचे होते. मात्र औषधोपचाराने विषाणू दबलेला रक्तदाता नॅटला चकवू शकतो आणि एलायझाला सापडतो, म्हणून नॅट ही एलायझाच्या जोडीनेच करावयाची चाचणी आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या 4 जानेवारी 1996 च्या निकालामुळे पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत 1 जानेवारी 1998 पासून बंद झाली, हे मोठेच काम झाले. परंतु नॅट आजही कायद्याने सक्तीची नाही. तिचे यंत्र महाग, तिला रोज पुरेसे नमुने हवेत, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात ती उभारण्याचा आग्रह मी धरणार नाही. भंडारा, गोंदिया आणि गडचिरोलीच्या सरकारी रक्तपेढ्यांनी पिशव्या जागीच ठेवून प्रत्येक दात्याच्या रक्ताची एक लहान नळी नॅटसाठी थंड पेटीतून रोज नागपूरला धाडावी, आणि निकाल येईपर्यंत पिशवी अडवून ठेवावी, अशी तजवीज मात्र सहज शक्य आहे. लाल पेशी साध्या द्रावणातही 35 दिवस टिकतात, त्यांना एका दिवसाचा विलंब सोसवतो. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, म्हणून त्यांच्या नळ्या आधी तपासाव्यात. सर्वांसाठी पैसा पुरत नसेल, तर वारंवार रक्त लागणाऱ्या बालकांचा हक्क पहिला मानून जिल्हा नियोजन समितीने त्यांच्या वाट्याच्या खर्चाची तरतूद याच आर्थिक वर्षात करावी.

आणि ज्या दिवसांत नॅटही आंधळी असते, त्या दिवसांचा भरवसा दात्याच्या खऱ्या उत्तरावरच आहे. भंडारा जिल्ह्यातील पवनी-लाखांदूरकडील एखाद्या गावी शाळेच्या पडवीतल्या रक्तदान शिबिरात, नात्यागोत्याच्या माणसांदेखत तरुणाला त्याच्या खाजगी वर्तनाविषयी विचारले, तर तो खरे सांगणार नाही. म्हणून शिबिराला परवानगी देतानाच आडोशाची स्वतंत्र जागा आणि विचारणारा प्रशिक्षित समुपदेशक, या दोन अटी घालाव्यात.