अव्वल पकडीची रील भारी, पण मॅचचं काय?

गेल्या आठवड्यात मालवणात जेटीजवळ आमचा कट्टा रंगला होता. विषय नेहमीचाच, कबड्डी. एक मित्र म्हणाला, ‘‘बचाव म्हणजे पकड. पकड करायची नाही तर कोर्टवर उभं कशाला राहायचं?’’ आणि त्याने मोबाइल काढून अव्वल पकडींच्या पाच-सहा रील लागोपाठ दाखवल्या. घोटा धरला, गडी आडवा, लोक बेभान. त्या वादात मी हरले, कारण माझ्याकडे दाखवायला रीलच नव्हती. रिकाम्या गेलेल्या चढाईची रील कोण बनवतं? म्हणून आता लिहून भांडतेय.

माझं म्हणणं साधं आहे. अव्वल पकड हा अडचणीतून सुटायचा मार्ग आहे. त्याच्यावर अख्खा बचाव उभा करायचा नसतो.

नियमच बघा ना. कोर्टवर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड यशस्वी झाली, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. ऐकायला मस्त. पण सातातले चार गडी आधी बाहेर बसल्याशिवाय हा हिशेब सुरूच होत नाही! म्हणजे ज्या जादा गुणासाठी आपण टाळ्या वाजवतो, त्याची किंमत बहुतेक वेळा आधीच मोजून झालेली असते.

आता दुसरी बाजू. तिघंही चढाईपटूला भिडले आणि तो मध्यरेषेला पोचला, तर तीन गुण त्याचे. वर लोणचे दोन. एकूण पाच. दोन मिळवायला पाच डावावर लावायचे, हा सौदा रोज रोज परवडेल का?

मला एकदा तो चांगलाच महागात पडलाय. बारावीला असताना मी डाव्या कोपऱ्यात खेळायचे. एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात आम्ही दोन गुणांनी पुढे होतो, कोर्टवर तिघी होतो आणि चाळीसेक सेकंद उरले होते. समोरच्या मुलीची चढाई. तिघीच असल्यामुळे तिला बोनसही मिळणार नव्हता. आम्ही नुसतं मागे सरकत राहिलो असतो, तर फार तर एक गुण गेला असता, तरी आघाडी आमचीच होती आणि पुढची चढाईही आमची. पण आदल्या सामन्यातल्या माझ्या अव्वल पकडीचा व्हिडिओ अख्ख्या वर्गाने स्टेटसला ठेवला होता. तेच डोक्यात होतं. मी घोट्यावर झेप घेतली. मी गेले म्हणून साखळीतल्या दोघीही माझ्यामागे आल्या. ती आम्हा तिघींना ओढत रेषेपर्यंत गेली आणि तिचा हात रेषेपलीकडे पडला. पाच गुण. आमची शेवटची चढाई रिकामी आली आणि आम्ही तीन गुणांनी हरलो. संघातल्या दोन मुलींचं ते शेवटचं वर्ष होतं. मला कोणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

सरावाला येणारे गावातले एक काका मात्र दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘गो, हात घालूक घाई कित्याक? तेका परत घराकच जावचा आसा मां. घाई तेका आसा, तुका नाय.’’ कबड्डीतला बचाव मला तिथे कळला. चढाईपटूकडे तीसच सेकंद असतात. त्यात लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो. नाही आणला तर तो बाद आणि गुण आपला. तेव्हा त्याला आत खोल यावंच लागतं, आणि खोल आलेला गडी पकडणं सोपं. म्हणजे संधीची वाट बघत बसायची नाही. साखळी न तोडता, जागा न सोडता ती तयार करायची.

मान्य, नुसतं मागे सरकूनही भागत नाही. सहा-सात जण कोर्टवर असताना चढाईपटू बोनस उचलून निघून जाईल, आणि मग ती चढाई रिकामी धरली जात नाही. कोपऱ्याने धाक दाखवायलाच हवा. सात-आठ गुणांनी मागे असू आणि दोनच मिनिटं उरली असतील, तर बिनधास्त झेप घ्यावी. पण तो नाइलाज झाला.

तुम्ही म्हणाल, मग मोहम्मदरेझा शादलूचं काय? दहाव्या हंगामात पुणेरी पलटण जिंकली तेव्हा या इराणी पठ्ठ्याने पकडींचे 99 गुण कमावले. तो आक्रमक आहेच. पण तो एकटा पडत नव्हता, त्याच्या झेपेमागे बाकीचे जागेवर होते. पुढच्या हंगामात तो हरियाणा स्टीलर्सकडे गेला. तिथे त्याच्या सोबतीला जयदीप, राहुल सेठपाल होते. 29 डिसेंबर 2024 ला बालेवाडीतल्या फायनलमध्ये समोर पाटणा पायरेट्स, आणि त्यांच्याकडे हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण घेणारा देवांक. तरीही पाटण्याला 23 गुणांवर रोखून हरियाणाने 32 गुण केले. असा सामना एका झेपेवर निघत नाही.

हा वाद कबड्डीपुरता नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये समोरच्याकडून चेंडू हिसकावला की त्याला टर्नओव्हर म्हणतात, आणि बचावाने त्याच्यामागे लागावं का, यावर तिथेही भांडणं होतात. अडचण तीच आहे. पास मधेच पकडायला झेपावलेला खेळाडू चुकला, की त्याच्यामागचं मैदान मोकळं.

भातकापणी झाली की कुडाळ, कणकवली, वेंगुर्ले, सगळीकडे रात्रीचे सामने सुरू होतील. खेळणाऱ्यांनी एक करून बघा. सरावात पकडी मोजता, तशा समोरच्याच्या किती चढाया रिकाम्या घालवल्या तेही वहीत लिहा. आणि बघणाऱ्यांनो, चढाईपटू हात हलवत परत गेला की कोपऱ्यातल्या पोरासाठीही एक शिट्टी मारा. त्याने काहीच केलं नाही असं वाटेल, पण काम त्यानेच केलेलं असतं.